चारशे पिक्सेलचा समास

निघोजे, मंगळवार

तीर्थस्वरूप साधनामावशी यांस,

रोहिणीचा नमस्कार. अंबाजोगाईस उन्हाळा कसा आहे? तुमची पाठ आता रात्रीची झोप लागू देते का? येथे सर्व ठीक. बाबांची शिफ्ट बदलली, एवढेच नवे.

गावच्या वाचनालयात मी लागले, त्यास तीन महिने झाले. वाचकांशी बोलावे लागते, हा या नोकरीतील एकमेव दोष. (दहावीत केंद्रात पहिली आले, तेव्हा सत्काराचे उत्तरही मी लिहून दिले होते, हे तुम्हांस स्मरत असेल.) म्हणून मी वाचनालयाचे संकेतस्थळ रचावयास घेतले. वाचकाने घरी यादी पाहावी, बटण दाबून पुस्तक राखून ठेवावे आणि माझ्याशी एक अक्षरही न बोलता घेऊन जावे.

प्रश्न होता पडद्याच्या रुंदीचा. एका कंपनीने देणगी दिलेला आमचा संगणक एकोणीसशेवीस पिक्सेल रुंद आहे. दुपारी ट्रकांची घरघर लांब गेली की त्याच्यासमोर बसून मला वाटे, अक्षरांनी मधून नदीसारखे वाहावे आणि दोन्ही काठांना कोरी वाळू असावी. उत्तरपत्रिकेत समास सोडण्याची सवय हाडांत भिनलेली. (नसेल तर गुण कापतात, ही भीती अजून जात नाही.) मी दोन्हीकडे चारशे-चारशे पिक्सेल समास सोडला. पान इतके शांत दिसू लागले की अर्धा तास मी नुसती समासाकडेच पाहत राहिले.

परंतु गावात सारे फोनवर पाहतात, आणि फोनची रुंदी तीनशेसाठ. साऱ्या निघोज्याला माझा समासच तेवढा दिसला. दुसऱ्या दिवशी माणसे फोन पुढे धरून माझ्या टेबलाशी आली. बेअरिंगच्या कंपनीतला बिरू म्हणाला, "मॅडम, सगळी पुस्तकं वाळवीनं खाल्ली का काय?" शेजारच्या मळ्यातल्या कुशाबाईंनी फोन उलटा करून झटकून पाहिला. "पोरी, यात कायबी न्हाई. तूच वाच, मी ऐकते."

मग मी यादी वाचली. दोनशे बारा नावे. कुशाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. एका नावाशी म्हणाल्या, "ह्ये परत म्हण. ग्वाड हाय." तेच पुस्तक त्यांनी नेले. आता त्या रोज जेवणानंतर येतात, पहिली शिफ्ट सुटली की बिरू येतो, आणि मी वाचते. त्या खोलीत माझा आवाज मलाच अनोळखी वाटतो; कोणा धीट मुलीचा असावा तसा.

वाचनालयाचे कार्यवाह साहेबराव मात्र संतापले आहेत. पान सोमवारपर्यंत दिसलेच पाहिजे, म्हणतात. बिघाड फार खोल आहे, असे मी त्यांस कळविले आहे.

तुमची आज्ञाधारक भाची,
रोहिणी

ता. क. बिघाड एका ओळीचा आहे. दुरुस्ती गेल्या बुधवारीच करून ठेवली. संकेतस्थळावर अद्याप चढवलेली नाही.

आणखी ता. क. साहेबरावांनी रविवारी तुमच्या समर्थदादाला बोलावले आहे. संगणकाचे असे काम तो चहा निवायच्या आत उरकतो. तरी मावशी, कृपा करून त्या दिवशी त्याला मुलगी दाखवावयास न्यावे. पसंत न पडली तरी चालेल. गाव लांबचे असावे.