रायनाचा दिवा आणि डोब्रिंकाची कोंबडी

आदरणीय व्हेलिकाताई,

मेतोदीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? बकऱ्या व्यायल्या का? मी ठीक आहे. (ठीक म्हणजे जेवतो आणि कामावर जातो.) रायनाला मातीत ठेवलं त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही म्हणालात, चाळीस दिवसांचा दिवा गावच्या घरी लावू, हॉटेलात कुठे जमणार? आणि मी म्हणालो, माझ्या बायकोचा दिवा मी सांभाळीन, तुमच्या धाकट्या बहिणीची काळजी सोडा आणि बकऱ्या सांभाळा. आज एकोणतिसावा दिवस. कसा सांभाळला ते ऐका.

आमची खोली तळमजल्यावर, रायनाने बावीस वर्षं चादरी धुतल्या त्या धुलाईखान्याला लागून. नवव्या दिवशी मी मेणबत्ती लावली आणि जरा सढळ हाताने धूप घातला. झालं! आगीचा भोंगा बोंबलला आणि गरम पाण्याच्या कुंडातले साठ-सत्तर पाहुणे ओलेत्याने बर्फात. (भोंगा मीच बसवलाय. इतका चांगला चालतो हे मलाही ठाऊक नव्हतं.) एक जर्मन म्हातारी तर सराव फार छान झाला म्हणून माझा हात दाबून गेली. नवे व्यवस्थापक बोरिस्लाव साहेब मात्र लालबुंद. मेणबत्ती बंद.

मग रायनाच्या उशाचा विजेचा दिवा लावला, शेजारी फोटो आणि पाण्याचा पेला. पण वीज वाचवायला गेल्या हिवाळ्याआधी प्रत्येक खोलीत एकेक डोळा बसवलाय. वीस मिनिटं काही हललं नाही की दिवा, हीटर, सगळं बंद. एकशे बारा डोळे, सगळे माझ्या हातचे. मी कामावर गेलो की खोली अंधारी! वायर परस्पर जोडता येते हो. पण ती चोरी पकडणारं यंत्रही मीच बसवलंय, सांगता कुणाला! यंत्राला काहीतरी जिवंत हललेलं हवं. शेवटी स्वयंपाकघरातल्या डोब्रिंकाची कोंबडी उसनी आणली.

कोंबडी कामसू निघाली. दिवा मालवत नाही म्हणून बया झोपेना, आणि बया झोपेना म्हणून दिवा मालवेना. (सतरंजीचं काय झालं ते विचारू नका. रायनाने मला घराबाहेर काढलं असतं.) असे अठरा दिवस गेले. काल दुपारी पाहुण्यांच्या सुरक्षेचा संगणक हटून बसला: मेतोदीचं कार्ड बाहेर, आणि त्याच्या खोलीत कोणीतरी अठरा दिवस येरझाऱ्या घालतंय. साहेब दोन रखवालदार घेऊन हजर.

"मेतोदी, आत कोण राहतं?"

"मीच की, साहेब."

"अरे, तू माझ्यासमोर उभा आहेस!"

दार उघडलं. कोंबडी रायनाच्या उशीवर. रखवालदार फिदीफिदी हसले, मग फोटो दिसला तशा त्यांनी टोप्या काढल्या. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "आई गेली तेव्हा आम्हीही दिवा ठेवला होता रे. पण नोंद नसताना खोली चालू ठेवता येत नाही. माणूस बसव, नाव लिहून दे, मग शंभर दिवस जळू दे. कोंबडी मात्र आजच्या आज हलव." डोब्रिंका तिला काखेत मारून घेऊन गेली. खोली इतकी गप्प झाली की मला रडू आवरेना.

तेव्हा उरलेले अकरा दिवस दिवा तुमच्याकडेच लावा. माझं चुकलं, ताई.

तुमचा,
मेतोदी

ता. क. पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. दिवा तिकडे लावू नका, तुम्हीच इकडे या. तुमचं नाव मी साहेबांकडे लिहून दिलंय, न विचारता. विणकाम आणा. सुया हलल्या तरी यंत्राला पुरतं. बकऱ्या शेजारी सांभाळतील.

आणखी एक. तुम्ही म्हणाल, दिवसा कोंबडी हवी हे समजलं, पण काम संपल्यावर तू असतोसच की तिथे. असतो. काल कोंबडी गेल्यावर संध्याकाळी रायनाच्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसलो. पण वीस मिनिटं झाली आणि दिवा गेला. यंत्र म्हणतं, खोलीत कोणी नाही.