परभणीच्या ओळीतला एक

१० मार्च, सोमवार

"परभणी जिल्ह्यातल्या फौजींच्या आयाबायांनो! तुमचा माणूस निळी टोपी घालून परक्या देशात शांतता राखायला जातो. आणि तो कसा आहे हे दिल्लीला आधी कळतं, तुम्हाला शेवटी!"

२३ तारखेच्या सभेचं पहिलं वाक्य हेच. आज तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. भिंतीपलीकडून सुमनबाई ओरडल्या, "बाई, कोनाला झापायलाव?" म्हटलं, सरकारला. "मग अजून जोरात बोला, दिल्ली लय लांब हाय!"

खासदारांनी आपला प्रश्न लोकसभेत दिला. गुरुवारी लेखी उत्तर येणार. प्रश्न मीच लिहून दिला होता — संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आपले किती जवान गेले, खर्च किती झाला, संघाने परत किती दिलं, मेले किती, दुखापत होऊन परत आले किती. आणि सगळं जिल्हावार! खासदारांचा सचिव 'जिल्हावार' खोडायला निघाला होता. "म्याडम, एवढं बारीक कोण देतं?" मी त्याच्या हातातून पेनच काढून घेतलं. देशाच्या आकड्यात सगळे जवान असतात, आपला माणूस नसतो.

१३ मार्च, गुरुवार

आलं उत्तर! पाच पानं. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली आणि तिथेच उभ्याने वाचली.

गाड्या, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं — प्रत्येकाची वेगळी नोंद. संघ त्यांचे पैसे देतो. जवानांचा मात्र एकच आकडा, सगळे मिळून. आणि खाली एका ओळीत — नेलेली यंत्रसामग्री बंद पडली तर जवानांपोटी मिळणाऱ्या रकमेतही कपात होते. परत वाचलं. जनरेटर बंद, म्हणून माणूस स्वस्त! इतकी वर्षं वाचते आहे, गावोगाव बोलते आहे, आणि हे मला आज कळतंय.

पण ते काहीच नाही. शेवटच्या पानावर परिशिष्ट. जिल्हावार! परभणी — पाठवले दोन. मृत्यू शून्य. दुखापत किंवा आजारामुळे मुदतीआधी परत — एक.

ते दोघे मला माहीत आहेत. सेलूचा अमृत, माझा विद्यार्थी. पोखर्णीचा योगीराज, किशनराव मेंढपाळांचा मुलगा. दोघांच्याही घरी विचारा — "तो सुदानात आहे." कुणीही परत आलेलं नाही!

मग हा एक कोण?

दुकानाच्या पायरीवरूनच फौजी कुटुंबांच्या ग्रुपवर टाकलं — "परभणीचा एक जवान जायबंदी होऊन परतला आहे आणि त्याच्या घरच्यांना सरकारने सांगितलेलं नाही! २३ तारखेला कागद ओळीन्‌ ओळ वाचणार!"

१४ मार्च, धुळवड

बाहेर पोरं रंग उडवत होती. मी फोनवर.

सकाळी सातला किशनराव. "बाई, मेंढरं रानात सोडून बोलायलोय. कोनाचं हाय वो ते? आमच्या योगीराजचं तर न्हाई ना?" मागून योगीराजची आई, मनकर्णाताई — "इचार की, पाय हायेत का, डोळे हायेत का!" म्हटलं, कागदात नाव नाही.

मग दीपिका, अमृतची बायको. सातवा महिना चालू आहे तिला. ती उलट हसली. "बाई, परवाच तर बोलले. मस्तपैकी भांडले पण माझ्याशी. ते आमचे नसतील." मी 'बरं' म्हटलं.

कुणाचे तरी असणार ना, दीपिका.

१५ मार्च

तो मजकूर काढून टाकला. एकशे चाळीस जणांनी वाचून झाला होता.

१६ मार्च, रविवार

जेवायला बसले होते. अनोळखी नंबर.

"बाई, मी अमृत."

म्हटलं, सुदानातून का रे? "पुण्यात हाय बाई. फौजी दवाखान्यात. ग्रुपवर वाचलं मी. तो कागद सभेत वाचू नका तुमी."

पाण्याचा टँकर उलटला. गोळी नाही, हल्ला नाही. डावा पाय, गुडघ्याखालून. एवढं सांगितलं आणि म्हणाला, "बाकी झकास हाय." झकास!

मी पेटले. सरकारने बायकोला कळवलं नाही? हे मी सभेत — तर तो म्हणतो, "सरकारवर कशाला चिडायलाव? मीच लिहून दिलं. घरी मी सांगीन म्हणून. दीपिकाची आधीची दोन गेली बाई. हे तिसरं. बाळ होऊ द्या, मग सांगतो."

ताटातलं तसंच राहिलं. बायांनो, दिल्ली लपवते, असं मी सांगणार होते. लपवणारा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा!

त्याला म्हटलं, तू आज सांगितलं नाहीस तर उद्या मी सेलूला जाते. तिला कागदावरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. रडला. मग म्हणाला, "तुमी तिच्याजवळ बसा. मी फोन करतो."

१७ मार्च

सेलू. दीपिकाच्या शेजारी बसले, तिचा हात धरून. फोन आला. तिने ऐकलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने बाजूला सारला.

"पाय गेला. तोंड तर गेलं न्हाई ना? तीन आठवडे खोटं बोलायलाव मला? चहा प्यालो म्हणता, परेड झाली म्हणता!" मग एकदम बारीक आवाजात — "लय दुखायलंय का वो?"

तिची सासू सुगंधाबाई दारातच खाली बसली. उद्या सकाळच्या गाडीने दोघी पुण्याला जातायत. दीपिका पिशवी भरताना मला म्हणाली, "बाई, तुमचा ग्रुपवरचा मेसेज नसता तर मला कवा कळलं असतं?" मला हे ऐकून बरं वाटलं. लिहून ठेवते — बरं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

पोखर्णी. कागद सोबत नेला. अमृतला विचारूनच त्याचं नाव घेतलं.

मनकर्णाताईंच्या घशाखाली चार दिवस घास नव्हता. ओसरीवर कागद पसरला आणि बोट ठेवून सांगितलं, "हा जो एक आहे ना, तो सेलूचा अमृत. तुमचा योगीराज ठणठणीत आहे."

"छापील हाय ना हे?"

"छापील आहे. लोकसभेत ठेवलेलं आहे."

किशनराव डोकं खाजवत म्हणाले, "फोन न्हाई करत वो तो. दिवाळीपासून आवाज न्हाई ऐकला. निस्ता मेसेज. बरा आहे, काळजी नको. बरा आहे, काळजी नको." मी म्हटलं, तिथे नेटवर्क कुठलं? असं ठासून म्हटलं की अंगणातलं कुत्रंसुद्धा उठून बसलं. मनकर्णाताई नवऱ्यावर डाफरल्या, "बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांना कळत न्हाई आन्‌ तुला कळतं व्हय?"

नरसिंहाला नारळ फोडून आल्या. माझ्यासमोर दीड भाकरी खाल्ली, ठेच्यासोबत. निघताना माझ्या पिशवीत शेंगा ओतल्या.

२० मार्च

भाषण नव्याने लिहितेय. जनरेटरची कपात राहील. अमृतचं काही नाही.

२२ मार्च, शनिवार

दुपारी दीपिकाचा फोन, पुण्याहून. आवाज मोकळा. अमृत काठीवर चार पावलं चालला. "पडले तर मी धरीन म्हणले, तर म्हणतात आधी तू पडू नको." हसत होती. मग बोलता बोलता — "बाई, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी झालं ते. मी फराळाचं विचारायला फोन लावायलेय, लावायलेय, लागेचना. मला काय माहीत!"

शिवरात्र. म्हणजे फेब्रुवारीचा शेवट.

फोन ठेवला. उद्या वाचायचे कागद टेबलावरच होते. परिशिष्टाच्या डोक्यावर एक ओळ आहे, बारीक अक्षरात. दहा दिवस कागद माझ्याजवळ आहे. ती मी वाचली नव्हती.

"३१ डिसेंबरअखेरची माहिती."

२२ मार्च, पाच वाजता

अमृत या कागदात नाहीच. ३१ डिसेंबरला तो दोन्ही पायांवर उभा होता. दोघांतला उरला एकच.

पोखर्णीची जीप साडेपाचला सुटते. ऊठ, राजेश्री. मनकर्णाताईंसमोर बस, आणि तू दिलेली खात्री परत घे.