डोंगराच्या अलीकडचा कंद

अब्बा, तुमची फुलांच्या नोंदींची वही मी विद्यापीठातल्या मॅडमना दिली. शिरढोणच्या पुढचा आपला डोंगरही दाखवला. तुम्ही असता तर आठ दिवस माझ्याशी बोलला नसता, जेवताना नुसतं ताट पुढे सरकवलं असतं. सरकवा. मी दिली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

तुमचा राग मला माहीत आहे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस रविवारी डोंगरात कंदिलासारखी फुलं येणारे वेल, कंदीलपुष्पं, शोधत फिरतो म्हणून पनवेलचा बाजार हसायचा, त्याचं तुम्हाला कधी काही वाटलं नाही. पण एकदा कुठल्याशा कॉलेजचे सर आले, तुम्ही हौसेनं त्यांना जागा दाखवली, आणि ते पिशवीभर कंद उपटून घेऊन गेले. पुढच्या भाद्रपदात तिथे नुसतं गवत. ते तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. "शिकलेल्या लोकांना जागा दाखवायची नाय," असं मला बजावलंत, "अमानत हाय ती." मी मान डोलावली होती. पण तुम्ही गेल्यावर त्या डोंगराच्या एका बाजूला खडी फोडायला सुरुवात झाली. मग मी गुपित ठेवून कुणाला वाचवत होते? त्या मशीनला कोण सांगणार होतं की इथे अमानत आहे म्हणून?

आमचा वेड्यांचा एक गट आहे, गच्चीवर नि बाल्कनीत कुंड्यांतून कंदीलपुष्पं वाढवणाऱ्यांचा. त्यातले बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, "देऊ नका हो. मेहनत आपली, नाव त्यांचं." मी म्हटलं, नाव आधीच कबूल करून घेते. मॅडम दुकानात आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा सेल बदलत होते. तुमच्या स्टुलावर त्यांना बसवलं, चहा मागवला आणि स्पष्ट सांगितलं: तपासणीला एखादं पान घ्या, थोडं बी घ्या, कंदाला हात लावायचा नाही, आणि वही वापरलीत तर अब्बांचं नाव छापायचं. कबूल म्हणाल्या. तरी डोंगरावर पहिल्याच दिवशी सवयीनं खुरपी बाहेर काढली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. त्या हसल्या. मी नाही हसले. संध्याकाळी परत दिली.

वही उघडली तेव्हा मात्र त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचत राहिल्या. दरवर्षी पहिलं फूल कधी, वेल किती, कुठल्या खडकाशी, आणि माशी फुलात शिरली की किती तासांनी बाहेर आली, तेही हातातल्या घड्याळावर बघून लिहिलेलं. "ताई, इतक्या नेमानं आमच्यापैकीही कुणी बसत नाही," त्या म्हणाल्या. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मग गेल्या भाद्रपदात, मॅडम आणि आमचा गट बरोबर असताना, डोंगराच्या अलीकडे, रस्त्याकडच्या उतारावर, बाकीच्या वेलांपासून लांब, एका खडकाखाली सहा वेल सापडले. मॅडम गुडघ्यांवर बसल्या. फूल जरा गडद दिसतंय, म्हणाल्या, हे वेल कदाचित फार पूर्वीपासून पलीकडच्यांपेक्षा वेगळे वाढत आले असतील, यावर स्वतंत्र लिहायला हवं. सगळे भराभर फोटो काढायला लागले. मी मोबाइल पर्समधून काढलाच नाही, कारण तो खडक मी ओळखला.

मी अकरा वर्षांची आहे. तुम्हाला खूश करायला मी पलीकडच्या उतारावरून एक कंद उपटलाय आणि शाळेच्या डब्यातून घरी आणलाय. अम्मी भाकऱ्या थापतेय, तुम्ही जेवायला बसलाय. डबा उघडता, बघता, झाकण लावता. ओरडत नाही. "जिथून काढलास तिथंच नेऊन लाव. आजच." तुमची बहीण, माझी फुफी, मला एसटीने घेऊन जाते आणि पाय दुखतात म्हणून पायथ्याशी बसते. मी एकटी चढते. गवत माझ्या डोक्याच्या वर, आत काहीतरी सळसळतं, आणि पलीकडे जायची माझी छाती होत नाही. पहिला खडक दिसतो, त्याच्या खाली बोटांनी माती उकरते आणि कंद खुपसते. घरी येऊन सांगते, जागच्या जागी लावला. तुम्ही खणातून डोळ्याला लावायचं दुसरं भिंग काढता, सदऱ्याला पुसता आणि माझ्या हातावर ठेवता. "खरं वागणाऱ्याची चीज हाय ही." मग वहीत लिहिता, पोरीनं कंद जागच्या जागी परत लावला.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? तुमचं नाव छापून आलं असतं, मॅडम खूश, गट खूश. बोलले तर वहीतली एक ओळ खोटी ठरणार, आणि एक खोटी म्हटल्यावर बाकीच्यांचं काय? पण माझ्या थापेवर कुणी शास्त्र उभं करावं, तेही तुमच्या वहीच्या आधारानं, हे मला सहन झालं नसतं. सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, हे मी लावलेत. वहीत 'कंद जागच्या जागी परत लावला' असं आहे ना, ती ओळ चुकीची आहे."

मॅडमनी पिशवीतून वही काढली. मग वहीत ती तारीख शोधली आणि म्हणाल्या, एका कंदाचे इतक्या वर्षांत किती वेल झाले हे तारखेनिशी कळतंय, तेही काही कमी नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. वही वापरणार आहेत, तुमचं नाव येणार आहे, आणि त्या ओळीखाली माझा खुलासा. काका उतरताना म्हणाले, "आता या वहीवर कोण विश्वास ठेवणार?" मी म्हटलं, "नका ठेवू. माझ्या अब्बांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि जे मी सांगितलं तेही लिहिलं. खोटी मी आहे, वही नाही."

हे पत्र पाठवणार कुठे? घड्याळांच्या सुट्या काट्यांच्या डब्यात ठेवीन. मॅडमना सांगायला मला पाच मिनिटं लागली, आणि तुम्ही दवाखान्यात होतात ते सगळे दिवस मी उशाशी बसून गप्प राहिले. भिंग तेव्हाही पर्समध्ये होतं. ते मला खोटं बोलून मिळालंय, अब्बा. पण परत देणार नाही.