भांडणारं गिऱ्हाईक

९ नोव्हेंबर

संपले एकदाचे फॉर्म! शेवटचा गठ्ठा आज धाड गावी जाऊन शोभाताईंच्या शिलाईच्या दुकानात भरून घेतला. बुलढाण्याला घरी येताना जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले, लेकराला घेतात तसा. शिलाईवाल्या, पार्लरवाल्या, झेरॉक्सवाले, सगळ्यांची गिऱ्हाइकं विचारून झाली. समाधानी आहात का? परत इथंच येणार का? एक ते पाच गुण द्या. आता कोणाच्या दारात पेन घेऊन उभं राहायचं नाही. सुटले.

विलास म्हणाला, "झाली का पीएच.डी.?" माझ्या नवऱ्याला वाटतं फॉर्म म्हणजेच पीएच.डी. म्हटलं हो, आजच्यापुरती झाली.

पुतणीच्या लग्नाचा ब्लाउज शो.कडेच आहे, दिवाळीच्या आधी टाकलेला. पण विचारला नाही. मी आता तिथं संशोधक. तटस्थ राहावं लागतं.

१७ नोव्हेंबर

आकडे कॉम्प्युटरवर चढवले नि कपाळावर हात मारला. सगळे पाच. वरून खाली पाच, डावीकडून उजवीकडे पाच. वेळेवर काम मिळतं का? पाच. अहो, शोभाताई वेळेवर शिवते असं धाडातलं शेंबडं पोरगं तरी म्हणेल का?

गाइड सरांना पाठवून दिलं तसंच. होईल ते होईल.

१९ नोव्हेंबर

सरांचा फोन. गाइड असावेत तर असे, अमरावतीहून रागावतात तरी इथं खिडक्या हलतात. "मॅडम, बुलढाणा जिल्ह्यात स्वर्ग उतरलाय का? सगळेच खूष असतील तर कोण टिकतं आणि कोण सोडून जातं, हे तुम्ही सांगणार कशावरून? समाधानातून निष्ठा येते हे सिद्ध करायला निघालात ना? करा आता!"

शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, मार्चपर्यंत मुदत आहे, पुढं नोंदणी रद्द. नवीन माहिती आणा नाहीतर विषय सोडा.

विषय सोडा! म्हणजे कायम नोकरीही सोडाच. पीएच.डी. नसेल तर मुलाखतीला उभं कोण करतं. जन्मभर तासिकेवर शिकवायचं, उन्हाळ्यात घरी बसायचं. फोन ठेवून भांडी घासत बसले. घासलेलीच.

२३ नोव्हेंबर

म्हटलं, दुकानात मालकीण समोर असते, बाया भिडेपोटी खरं बोलत नसतील. घरी जाऊन विचारू. सासरच्या शेजारच्या कमलकाकूंपासून सुरुवात. शो.चं जुनं गिऱ्हाईक. चहा झाला, चिवडा झाला. फॉर्म काढला तशा पदर सावरून ताठ बसल्या, जसं काही आधारचा फोटो काढायचाय.

"लिही वं वंदना. सगळं चांगलंच हाय."

पुढच्या घरी तेच. वरवट बकालच्या बहिणीनं तिच्या पार्लरवालीचे फॉर्म भरून पाठवले, तिकडंही पाच. सातपुड्यापर्यंत सगळे खूष!

भीड भिकेची बहीण म्हणतात. ही भीड माझी पीएच.डी. भिकेला लावणार.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवला पाहिजे.

ब्लाउज आणायला धाडला गेले. घालून बघितला. एक बाही वर, एक खाली. पूर्वीची मी असते तर! पण तोंड आवरलं, शोभाताईंना म्हटलं, "छान झालाय."

त्यांनी टेप खाली ठेवली. "मॅडम, माह्यं काही चुकलं का?"

"नाही हो. छान आहे."

"मंग छान काऊन म्हणता? दुसरीकडं कपडे टाकून राह्यल्या का?" आणि बाईच्या डोळ्यांत पाणी! "पयले आल्या का दुकान डोक्यावर घ्यायच्या. आता येता, कागद भरता, गोड बोलता नं जाता. मले वाटलं, ह्या गेल्या हातच्या."

मग काय झालं कोण जाणे, तोंड सुटलंच. "छान कसला डोंबलाचा! ही बाही बघा, ही बघा! लग्नात काय एक हात वर करून फिरू?" शो. हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. "आता कसं बोलल्या!" समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. ब्लाउज काढून घेतला. परवा या म्हणाली. तिचा परवा म्हणजे कोणता परवा ते तिलाच ठाऊक.

परतीच्या जीपमध्ये कमलकाकू. बुलढाण्याला दवाखान्यात निघालेल्या. शेजारणीला सांगून राह्यल्या होत्या, अख्ख्या जीपला ऐकू जाईल असं, "महालक्ष्म्याईचं पोलकं शोभीनं मले दिवाळीले देल्लं! थेही गळ्याले हे एवढं मोठं! चांगली हासडली तिले."

म्हटलं, "काकू! मला तर पाच गुण सांगितले होते!"

"मंग? लिहून देऊ का?" काकू माझ्याकडं अशा बघायला लागल्या, मीच काही वाईट बोलले जशी. "तोंडानं बोललं तर घरातलं भांडण हाय, वंदना. कागदावर देल्लं का तक्रार झाली. तिच्या पोटावर पाय. तुह्या कॉलेजातून थो कागद कुठी जाईल, कोणाले माहीत?"

"मग दुसरीकडं का टाकत नाही पोलकी?"

"कायले? तिथं भांडू कोणाशी? वयख ना पायख!"

जीपमध्येच ओरडावंसं वाटलं. मी आजवर लेखी मागत होते. आणि लेखी फक्त वैऱ्याविरुद्ध देतात आमच्याकडं. तलाठ्याविरुद्ध, भावकीविरुद्ध. शिलाईवालीविरुद्ध कोण देईल? मी स्वतः नमुन्याचा फॉर्म भरला तेव्हा शो.ला किती दिले होते? पाच! तेव्हाही तिनं उशीर केलेला होता.

६ डिसेंबर

नवीन पद्धत. फॉर्म पिशवीत. आधी सांगते, अभ्यासासाठी विचारतेय, नाव कुठं येणार नाही, तुमच्या हातानं काही लिहायचं नाही. मग एकच प्रश्न. शेवटचं भांडण कशावरून झालं?

अबब! बाया उठूच देत नाहीत. नाड्या, काजं, उरलेलं कापड, पार्लरवालीनं भुवया बारीक केल्या म्हणून सासूनं काय म्हटलं इथपर्यंत. सगळं ऐकायचं नि बसस्टँडवर येऊन उतरवून काढायचं. तिथला कंट्रोलर आता ओळखतो. विचारतो, कथा लिहून राह्यल्या का मॅडम?

२१ डिसेंबर

दुसरी बाजू. दुकान सोडून गेलेल्या बाया शोधून काढल्या. धाडला, संग्रामपूरला. शोभाताईंचं सोडून बुलढाण्याला शिवायला लागलेली एक मास्तरीण म्हणाली, "चांगल्या आहेत हो त्या. माझी काही तक्रार नाही."

भांडलात का कधी?

"छे! काढले कपडे नि आले."

अशाच सगळ्या. ज्या गेल्या त्या गोड बोलून गेल्या. ज्या शिव्या घालतात त्या पुन्हा कापड घेऊन दारात हजर. फार बरं वाटतंय. आज पोटभर जेवले, कितीक दिवसांनी.

१८ जानेवारी

प्रकरण चौथं सरांना पाठवलं. मांडणी अशी: इथं तक्रार म्हणजे असमाधान नाही, नातं आहे. ज्या गिऱ्हाइकाची तक्रार बंद झाली, ते सुटलं. मी जे सिद्ध करायला निघाले होते त्याच्या जवळजवळ उलटं.

२० जानेवारी

सरांचा मेल. तीन शब्द. "ठीक आहे. चालेल."

बस? ना लाल खुणा, ना 'हे काय आहे?', ना उद्गारचिन्हं? इतक्या वर्षांत सरांनी माझं एक पान रक्तबंबाळ केल्याशिवाय परत पाठवलेलं नाही.

२२ जानेवारी

फोन नाही. मी केला, उचलला नाही. माझंच चौथं प्रकरण मला खायला उठलंय. ज्याची तक्रार बंद झाली, ते सुटलं. सरांनी माझा नाद सोडला.

विलासला सांगितलं तर म्हणतो, "रागावले तं रडतेस, ठीक म्हटलं तं रडतेस. त्या माणसानं करावं तरी काय?" पण जेवताना हळूच म्हणाला, करतील फोन.

२७ जानेवारी

आला फोन!!

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं सरांचं. मेल मुलीनं टाकला होता, यांनी वाचलंच नव्हतं. आता वाचलं. "संदर्भसूची कोणी केली, तुमच्या शत्रूनं? दुसरं प्रकरण फाडून टाका. आणि हे 'नातं' म्हणजे काय, मॅडम? नातं मोजता कशानं? ही काय रुखवताची यादी आहे? लाज वाटते मला तुमचा गाइड म्हणवून घ्यायची!"

कूकरच्या शिट्ट्या होऊन होऊन वरण करपलं तरी चालूच.

मी भीत भीत विचारलं, "सर, चौथं?"

"चौथ्याला हात लावाल तर याद राखा. तेवढं एकच कामाचं आहे त्यात."

फोन ठेवला नि ओट्याला टेकून रडले. किती बरं वाटलं, काय सांगू. जिवावरचं ओझं उतरलं. विलास धावत आला, काय झालं, काय झालं. म्हटलं, सर खूप रागावले. त्यानं माझ्याकडं बघितलं, करपलेल्या वरणाकडं बघितलं नि जाऊन पेढे घेऊन आला.

१४ फेब्रुवारी

समितीपुढं सादरीकरण झालं. एका बाईंनी धारेवर धरलं, "उत्तरं देणाऱ्यांची एकही लेखी ओळ नाही? याला संशोधन म्हणायचं?" मी सांगितलं, लेखी का नाही तेच तर संशोधन आहे. त्या उसळल्या. सर त्यांच्यावर उसळले. डोळ्याला काळा चष्मा, तसेच उठून उभे राहिले. दुसरे एक जण कोष्टकांवरून भांडले. मीही मागं हटले नाही. घसा बसला.

निकाल मार्चच्या आत कळवतो म्हणाले. काय व्हायचं ते होवो. बसमध्ये चिखलीच्या पुढं अशी झोप लागली की बुलढाणा आल्यावर कंडक्टरनं उठवलं.

१६ फेब्रुवारी

लग्न तोंडावर. ब्लाउज आणायला धाड. शोभाताईंनी बाही उसवून ठेवलीय. "परवा या, मॅडम." मग काय, दुकानात होत्या तेवढ्या बाया ऐकत राहिल्या असं भांडले. आवाज बसलेला, तरी. शो. खूष. चहा.

मग म्हणाली, "तुमच्या त्या परीक्षेचं काय झालं?"

"कळवतो म्हणाले."

"भांडले का तुमच्याशी?"

"खूप. घसा बघा ना माझा."

"मंग काही भेव नाही," म्हणाली नि मशीन चालू केली.

हलकं वाटलं एकदम. जीपमध्ये हसतच बसले.

फक्त एक तिला सांगितलं नाही. समितीत एक चौथे गृहस्थ होते, अध्यक्ष. सगळं ऐकलं, एक प्रश्न विचारला नाही. जाताना माझ्याकडं बघून गोड हसले आणि म्हणाले, "छान."