थांबलं तरी आणा

माय, तू गेलीस त्या वयाच्या मी कधीच पुढे निघून आले. तरी तुझ्यावरचा राग जात नाही, म्हणून लिहायला बसले.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तुझी पाळी जाऊनही बरेच दिवस झालेले. विटाळ संपलेली बाई म्हणून गल्लीत पापड-कुरडयांना आधी तुलाच बोलावणं यायचं. आणि श्रावण तोंडावर असताना तुला पुन्हा रक्त जायला लागलं. तू फक्त मला सांगितलंस, तेही चुलीकडे तोंड करून. मी शिरपूरला नुकती मास्तरीण झालेली, चार बुकं शिकल्याचा तोरा होता. हट्टाने तुला मोटारीत बसवून धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषधाचा बोळा ठेवला आणि मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत आणा. तुकडा काढून मुंबईला पाठवावा लागेल. रक्त थांबलं तरी आणा."

आणि ते थांबलं. घरात कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशीच. तू न्हालीस, तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू स्वतः दळलेस, सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन गल्लीभर मिरवलीस. शेजारची अक्का मला म्हणते, "कानबाई पावनी तिले. आते कसाले लई जास धुयाले?" तू हसतेस. मी रोज धुळ्याला चल म्हणून विनवते आणि तू रोज म्हणतेस, "मी चांगली शे वं. थांबी गयं ना बठ्ठं." दिवाळीपर्यंत तू पार वाळून गेलीस. वास लपावा म्हणून आम्ही खोलीत ऊद जाळायचो. मग नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी तपासून नुसते हात धुतले. होळी तुला दिसली नाही.

नोकरी संपल्यापासून मी कॅन्सरच्या तपासणीच्या शिबिरांना बायका गोळा करत गावोगाव फिरते. "दुखत नाही, मग कशाला?" असं म्हणतात. ज्या येतात, त्यांतल्या परत बोलावलेल्या तर दाराआडच होतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी त्यांना तुझी गोष्ट सांगते, माझी माय देवीच्या भरवशावर राहिली आणि हकनाक मेली.

मागच्या शिबिरात बायकांना धीर यावा म्हणून मी आधी माझीच तपासणी करून घेतली. मला परत बोलावलंय. नर्सबाई दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा चहा पाजून तिला वाटेला लावलं. घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे तर कानबाईही बसत नाही, माय. मला नुसती भीती वाटते. तुलाही तीच वाटत असेल, हे मला आजवर कधी सुचलंच नाही.