हलगी ओट्यावर

मानवत, ७ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धोधन यास ताईचा सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पालमच्या एसटीत कंडक्टरजवळ हे पत्र देते आहे. इकडे सगळं ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

माय सांगत होती, तुमच्या सिनेमातल्या गर्दीसाठी ती आणि गल्लीतल्या बाया कापसाची वेचणी बुडवून दिवसभर उन्हात बसल्या. संध्याकाळी हातावर बिस्किटाचा पुडा. कॅमेरेवाल्याला भाडं आगाऊ, आणि बायांना तुझे दिग्दर्शक आदिनाथराव म्हणतात, सिनेमा तुमचाच आहे.

अरे, सिनेमा कुणावर काढताय? आपल्या आजोबांवर. गावची हलगी फुकट वाजवणार नाही म्हणून छप्पन साली त्यांनी ती पाटलाच्या ओट्यावर ठेवली आणि निघून आले. त्यांच्याच सुनेला फुकट राबवताना तुला लाज कशी वाटली नाही?

जेवणाची आबाळ करू नकोस. रागावली तरी तुझीच,
नीलम

पालम, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. सिनेमात आजोबांचं काम मी करतोय, मला तरी कुठं काय मिळतंय? उलट मोटारसायकल विकून पैसे घातलेत. आपल्या माणसांच्या गोष्टीमागं पैसेवाला उभा राहत नाही. मजुरीचं बघत बसलो तर आजोबा पडद्यावर कधी येणारच नाहीत. तुला महिन्याच्या महिन्याला पगार, तुला हे कळायचं नाही.

उद्या शेवटचा प्रसंग आहे. मायचे कान भरू नकोस.

राग ओसरला की लोभ पहिल्यासारखा करावा.
सिद्धोधन

पालम, ११ नोव्हेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

काल पाटलाच्या ओट्यापुढं बायांनी नुसतं गप्प बसायचं होतं. माय उठली आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाली, “आमी फुकट बसणार न्हाई. आधी मजुरी द्या.”

आदिनाथला तो अभिनय वाटला. लय भारी म्हणाला, आणि वर, मावशी, पुन्हा एकदा करा. माय कशाला करते! बायांना घेऊन ती सरळ वेचणीला गेली. मग तो माझ्यावर खेकसला, तू तरी वाजव, वेळ वाया जायलाय.

माझंही डोकं फिरलं. हलगी ओट्यावर ठेवली आणि मायच्या मागं निघालो. कॅमेरा चालू होता का, ते पाहिलं नाही.

मायनं आजोबांच्या वेषातल्या धोतरावरच मला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधून दिली. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण संध्याकाळी शेतमालकानं हातावर मजुरी ठेवली. या सिनेमाला लागल्यापासून मला मिळालेली ही पहिलीच.

माय बरी आहे. तुझ्या घरी आलो तर दार उघडावं.
सिद्धोधन