खुर्च्या बदलल्यावर

३ मार्च

प्रिय भावजींस, अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळी न्यायालयातून दोघेजण आले आणि ह्यांच्या खोलीतली सरकारी पुस्तकं घेऊन गेले. चहा विचारला, नको म्हणाले. दुपारी रिकामी कपाटं पुसली. पुस्तकांच्या मागे ह्यांचे हरवलेले चष्मे सापडले, सगळेच्या सगळे. प्रत्येक वेळी आळ माझ्यावर आला होता. संध्याकाळी वर्तमानपत्र उघडलं तर पहिल्याच पानावर तुमचा फोटो. बारीक दिसता. समितीच्या धावपळीत जेवण होतं ना वेळेवर?

बातमी दोनदा वाचली. हे गेल्यापासून सर्वोच्च न्यायालयातली ह्यांची जागा रिकामी आहे. तिथे तुमच्या पक्षाला टाचणी हवी आहे आणि ती सरकारकडे झुकते म्हणून विरोधकांना ती नको आहे, एवढं मला माहीत होतं. (ती ह्यांची सहायक होती तेव्हा ह्यांनीच ठेवलेलं नाव. आता ती मोठी न्यायाधीश झाली, तरी माझ्या तोंडात तेच बसलं आहे.) पण काल तुम्ही नेमणूक समितीला सांगितलंत की दादा स्वतः घरी जेवणाच्या टेबलावर म्हणाला होता, ही बाई सर्वोच्च न्यायालयात आली तर न्यायालयाचं भलं होईल.

भावजी, हे तसं म्हणाले खरं. मी तिथेच होते. पण कधी म्हणाले ते आठवून पाहा. मामंजींनी तुम्हा भावांना लावलेली सवय मी तुम्हाला सांगायला नको, तरी लिहून काढते, म्हणजे माझीही खात्री होईल. लहानपणी तुम्ही दोघं प्रत्येक गोष्टीवरून हातघाईवर यायचात, म्हणून त्यांनी नेम घालून दिला की जेवण झालं की खुर्च्या बदलायच्या आणि ज्याची खुर्ची त्याची बाजू मांडायची. हे न्यायाधीश झाले तेव्हापासून ह्यांनी स्वतःच्या खुर्चीतलं बोलणं बंदच केलं. सार्वजनिक गोष्टीवर मत द्यायचं नाही म्हणाले. तुमच्या खुर्चीत बसले की मात्र मोकळे सुटायचे, आणि ह्यांच्या खुर्चीतून तुम्ही स्वतःच्याच उलट बोलायचात.

मागच्या वर्षी दुसरी एक जागा निघाली होती, त्या संध्याकाळचं हे बोलणं. तेव्हा हे तुमच्या खुर्चीत होते, असं मला पक्कं वाटतं. तुम्ही विचार करून लिहा.

प्रकृतीला जपा, आणि वहिनीची आठवण पुसू देऊ नका.

तुमची,
वहिनी


८ मार्च

ती. वहिनींस, शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही वकील व्हायला हवं होतं. दादा न्यायाधीश, मी पुढारी, आणि घरातली खरी उलटतपासणी करणारी स्वयंपाकघरात, असा एकूण अन्याय झालेला दिसतो. जेवतो वेळेवर. बारीक दिसतो तो फोटोवाल्याचा मोठेपणा, कारण इकडे पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं आहे, तेही बाहेरच्या बाजूला.

माझ्या आठवणीप्रमाणे आम्ही तेव्हा पुन्हा आपापल्या जागी आलो होतो. दादा गंभीर होता. थट्टेत बोलताना तो भुवई वर करायचा, त्या वेळी केली नव्हती.

आता इकडची स्थिती ऐका. समितीत दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. मधोमध एक म्हातारे डॉक्टर, ते कोणाच्याच हाती लागत नव्हते. दादाला ते फार मानत. त्याचं वाक्य ऐकलं आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले की तुमच्या भावाचा शब्द असेल तर मला पुढे काही विचारायचं नाही. वहिनी, मी आता ते मागे घेतलं तर टाचणी पडली, आणि पक्षात मीही पडलो.

आणि विरोधक काय करताहेत? दादाने एका खटल्यात एकट्याने सरकारविरुद्ध निकाल दिला होता, तो घेऊन रोज उभे राहतात आणि म्हणतात, ही जागा आमच्या विचाराची. अख्खा माणूस दोन्हीकडून वाटून घेतला आहे. त्यातला थोडा घरच्या माणसाने घेतला तर काय बिघडलं? शिवाय टाचणी काही वाईट नाही. तुम्हीच तिला न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या दिवसांत दूध पाजत होतात आणि तिचं वाचन ऐकता ऐकता ते नासवत होतात.

तुमची माया आहे तोवर मला कोणी पाडू शकत नाही.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
भावजी


१३ मार्च

प्रिय भावजींस, अनेक आशीर्वाद.

दूध नासत नव्हतं, उतू जात होतं. ती मोठ्याने वाचायची आणि मी दूध विसरून ऐकत बसायचे. असो.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी विरोधी पक्षाचे एक गृहस्थ घरी आले. फार अदबीने बसले, खुर्चीच्या अगदी कडेला. त्यांचं म्हणणं, मी वर्तमानपत्रात चार ओळी लिहाव्यात की ह्यांना ती बाई पसंत नव्हती. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, निदान दिराचं म्हणणं खोटं आहे एवढं तरी लिहा. मी म्हटलं, दिराला जे सांगायचं ते मी दिरालाच सांगेन. त्यांना दारापर्यंत सोडलं आणि मागे कडी घातली.

तेव्हा आता तुम्हाला सांगते. त्या संध्याकाळी मी चहाचे कप आधी मांडले आणि तुम्ही दोघं नंतर उठलात. ह्यांचा बिनसाखरेचा कप तुमच्यापुढे आला. तुम्ही मोठा घोट घेतलात आणि असं तोंड केलंत की हे हसता हसता ठसक्याने लाल झाले. तुमचा गोड चहा त्यांनी आनंदाने संपवला, आपल्या डॉक्टरांना सांगू नको म्हणाले, आणि तुमच्याच खुर्चीतून ते वाक्य बोलले. त्यानंतर तुम्ही ह्यांच्या खुर्चीत बसून टाचणीला का घेऊ नये ते सांगितलंत, आणि भावजी, फार छान सांगितलंत. समितीपुढे तुमचंच ते बोलणं कोणी ठेवलं तर?

टाचणी त्या जागेवर बसली तर मला आनंदच होईल. पण ती स्वतःच्या कामावर बसू दे. आयुष्यभर ह्यांनी आपलं मत तोंडाबाहेर पडू दिलं नाही. त्यांचं मोकळं बोलणं फक्त आपल्या टेबलावर होतं, ते बाहेर कोणी धरणार नाही ह्या भरवशावर. तेच तुम्ही बाहेर नेलंत.

लिहिताना भीती वाटते. ह्यांच्या लहानपणाचं माझ्याजवळ काही नाही, जे आहे ते सगळं तुमच्याकडून ऐकलेलं. पोहायला शिकताना ते विहिरीचा काठ एका हाताने धरून पोहायचे, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कोणी सांगितलं असतं? तुम्ही रागावून बोलणं सोडलंत तर पुढचं कोण सांगणार? तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

रागावलात तरी परके होऊ नका.

वहिनी


२० मार्च

ती. वहिनींस, नमस्कार.

चहा आठवला. जिभेला आधी आठवला, मग मला.

काल समितीत उभा राहिलो आणि म्हटलं की भावाचं ते वाक्य मी मागे घेतो, ते आमच्या घरच्या खेळातलं होतं. कसला खेळ, असं कोणीतरी विचारलं. समजावून सांगताना लहान मुलासारखं वाटलं. समोरची बाजू हसली. माझ्या बाजूचं कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी विरुद्ध मत दिलं. टाचणी पडली. आज सकाळी माझी समितीतली जागा दुसऱ्याला दिल्याचा निरोप आला. विरोधकांनी मला फुलं पाठवली, ती मी शिपायाला दिली.

तुमचं बरोबर होतं, वहिनी. पण मला तुमचा राग आला आहे, आणि तो खोटा नाही. दादा असता तर तो माझ्याशी भांडला असता, मी त्याच्याशी भांडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघं जेवायला बसलो असतो. तुमच्याशी भांडायची मला सवय नाही. ते कसं संपवतात ते मला येत नाही.

एकच सांगा. त्याला स्वतःला काय वाटत होतं? तुमच्याजवळ तरी बोलला असेल.

थोडे दिवस मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.

भावजी


२५ मार्च

प्रिय भावजींस, अनेक आशीर्वाद.

लिहू नका म्हणालात, पण विचारलंतही. म्हणून एवढंच.

ह्यांना काय वाटत होतं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि ते कधी बोलले नाहीत. इतकी वर्षं मला हे शहाणपण वाटायचं. आता वाटतं, एकदा तरी विचारायला हवं होतं, उत्तर मिळालं नसतं तरी. काल टाचणीचा फोन आला होता. तिच्या आवाजात थकवा होता, राग नव्हता. तिनेही हेच विचारलं. मी तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, सरांनी माझं काम चांगलं आहे असं मलाही कधी म्हटलं नाही, फक्त कागद परत यायचे तेव्हा त्यावरची लाल शाई वर्षागणिक कमी होत गेली.

तुमच्या भाषणावर आज पुन्हा छापून आलं आहे. खाली कोणीतरी लिहिलं आहे की असं मागे घेणारा माणूस राजकारणात टिकत नाही. तुम्ही लहान असताना हरलेली गोटी रडत रडत का होईना, जिंकणाऱ्याला द्यायचात, असं हे सांगायचे. ही तुमच्या लहानपणाची एक गोष्ट माझ्याकडे आहे. तुम्हाला हवी असेल तेव्हा अशा आणखी आहेत.

उत्तराची घाई नाही. राग संपेल तेव्हा संपू दे, मी इथेच आहे.

आज ह्यांच्या खोलीचे पडदे धुवायला काढायचे आहेत. वरचे आकडे उंच आहेत आणि स्टूल डुगडुगतं, म्हणून ते भिंतीला घट्ट टेकवून ठेवलं आहे. पत्र बंद करते आणि चढते.

वहिनी